नर सिंहांच्या कोलिशनचा माग कसा ठेवता? भाऊ वेगवेगळे कसे ओळखायचे?

गवतपाती

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस विचारू विचारू म्हणत होते, आज लिहितेच. दक्षिण आफ्रिकेतलं साबी सँड, क्रूगर नॅशनल पार्कला पश्चिमेकडून चिकटून असलेलं गेम रिझर्व, तिथल्या लाइव्ह सफारी बघायची सवय लागलीय. सुरुवातीला बिबट्यांसाठी बघायचे पण आता पुरती अडकलेय ती नर सिंहांच्या एका कोलिशनमध्ये, म्हणजे मिळून राहणाऱ्या नरांच्या टोळीत. तिघं आहेत. झोपणार तर एकमेकांच्या अंगावर डोकं टाकून, आणि रात्री गर्जना सुरू झाली की एकाची संपत नाही तोवर दुसऱ्याची सुरू, कॅमेऱ्याचा माइकसुद्धा थरथरतो. मग मागे जाऊन मापोगो, मजिंगिलाने, बर्मिंगहॅम या आधीच्या कोलिशनचे मिळतील ते जुने व्हिडिओ बघून काढले, रात्र रात्र.

तर अडचण अशी की गाइड लोक लांबूनच सांगतात हा थोरला, तो मधला, आणि मला आयाळ सोडून काहीच कळत नाही, पाऊस पडून आयाळ भिजली की तेही गेलं, सगळे सारखेच. ओळखता कसे तुम्ही लोक? दुसरं म्हणजे तिघांतला एक बरेच दिवस दिसलेला नाही आणि कमेंटमध्ये लोकांनी त्याला मेलेला ठरवूनही टाकलंय. असं किती दिवसांनी धरायचं की गेला म्हणून? आणि तिसरं, विचारायला जीव होत नाही पण विचारते, उत्तरेकडून चार नवीन नर येताना दिसलेत आणि इकडे प्राइडमध्ये, म्हणजे सिंहिणींच्या कळपात, अगदी छोटी पिल्लं आहेत. पुढे काय होतं ते वाचलंय. रिझर्ववाले काहीच करत नाहीत का?

जमलं तर एकदा प्रत्यक्ष जायचं आहे, त्याबद्दलही कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

---

माळढोक

ओळखण्याबद्दल लिहितो कारण माझा तोच नाद आहे.

आयाळीवर जाऊ नका, किंवा शेवटी जा. वयाबरोबर ती गडद होते, जखम झाली किंवा खरूज झाली तर विरळ होते, ओली झाली की वेगळीच दिसते. कायम टिकणारी गोष्ट म्हणजे मिशांच्या मुळाशी असलेले काळे ठिपके. गालावर त्यांच्या आडव्या रांगा असतात. त्यातली एक रांग बऱ्यापैकी सलग असते आणि तिच्या वर दोन-चार सुटे ठिपके असतात, ते सुटे ठिपके खालच्या रांगेतल्या नेमक्या कुठल्या ठिपक्यांच्या डोक्यावर येतात ते बघायचं. डाव्या गालाची नक्षी वेगळी आणि उजव्या गालाची वेगळी, आणि जन्मभर बदलत नाही. नैरोबी नॅशनल पार्कमधल्या सिंहांवर काम करताना ही पद्धत बसवली गेली, १९७० साली छापून आली, आणि आजही संशोधक तीच वापरतात. लाइव्ह बघताना सिंहाने कॅमेऱ्याकडे गाल केला की स्क्रीनशॉट घ्यायचा, दोन्ही बाजूंचे मिळाले की झालं त्या नराचं ओळखपत्र.

त्यानंतर कान. कानाची फाटलेली कड परत भरून येत नाही त्यामुळे ती खूण पक्की, फक्त नवीन खाचा वाढत जातात म्हणून तारीख लिहून ठेवायची. चेहऱ्यावरच्या ओरखड्यांचा भरवसा धरू नका, आज जो भयंकर दिसतो तो थोड्या दिवसांत केसांखाली जातो, खोल जखम असेल तरच वण राहतो. दात तुटलेला असेल तर जांभई देताना दिसतो (आणि जांभया काय, देतच असतात, दिवसाचे १८-२० तास तर लोळण्यात जातात). शेपटी बघायची. मापोगोतला किंकी टेल नावाप्रमाणे शेपटीच्या बाकावरूनच ओळखला जायचा.

वयासाठी नाक. लहानपणी गुलाबी असतं, मग काळे ठिपके येत येत भरत जातं, साधारण पाच-सहा वर्षांचा झाला की निम्म्याहून जास्त काळं झालेलं असतं. हे टांझानियातल्या सिंहांवरून काढलेलं गणित आहे, सगळीकडे तंतोतंत लागू होत नाही, तरी तिघांमध्ये थोरला कोण याचा अंदाज येतो. पण सख्खे भाऊ किंवा एकाच प्राइडमध्ये पुढेमागे जन्मलेले असतील तर वयात फरकच नसतो, तिथे परत गालावर यावं लागतं.

---

रानभूल

माळढोक यांचा प्रतिसाद सेव्ह करून ठेवण्यासारखा.

न दिसण्याबद्दल मी लिहितो. गवतपाती, एवढ्यात धीर सोडू नका. साबी सँड जवळजवळ ६५,००० हेक्टर आहे, क्रूगरच्या मधलं कुंपण १९९३ सालीच काढलंय, आणि पलीकडे क्रूगर साधारण १९,५०० चौरस किलोमीटर. सिंहाला हद्द बिद्द काही नाही. गाड्यांना मात्र आहे, कारण प्रत्येक लॉजच्या गाड्यांना ठरलेल्या जमिनीवरच फिरता येतं आणि लाइव्ह दाखवणाऱ्यांचंही तसंच, म्हणजे आपण जो तुकडा बघतो तो त्या कोलिशनच्या टेरिटरीचा एक कोपरा असतो. एखादा नर हद्दीपलीकडे एखाद्या सिंहिणीबरोबर असेल तर चार दिवस तो तिथून हलत नाही, तिला सोडतच नाही. त्यानंतर भावांना शोधत फिरण्यात आणखी दिवस जातात. मोठी टेरिटरी असली की भाऊ वाटून घेतल्यासारखे दोन टोकांना राहतात, आणि महिनाभराने भेटले की आपल्याला वाटतं मेलेला परत आला.

पण एकटं पडणं धोक्याचं आहे हेही खरं आणि त्याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण मापोगोच. सहा नर होते, २००६ पासून पश्चिमेकडे त्यांचा दरारा. पुढे त्यातले दोन, मिस्टर टी आणि किंकी टेल, वेगळे होऊन पूर्वेकडे आपलं बस्तान बसवून राहिले. जून २०१० मध्ये पाच तरुण नर आले, तेच नंतर मजिंगिलाने म्हणून नावारूपाला आले. त्या दोघांनी पाचातला एक गाठून मारला, आणि मग उरलेल्या चौघांनी किंकी टेलला मारलं. मिस्टर टी पळून आपल्या भावांकडे परत गेला, पण गेला तो त्यांचीच पिल्लं मारत सुटला. २०१२ मध्ये तोही दुसऱ्या एका कोलिशनच्या नरांच्या हातून मेला. सहा एकत्र असताना ज्यांच्या वाटेला कुणी जात नव्हतं त्यांची दोन विरुद्ध चार अशी गाठ पडली की काय होतं ते यात दिसतं. सिंहांच्या भांडणात आकडा फार मोठा.

म्हणून मी तरी 'गेला' असं कधी धरतो, तर भाऊ काय करतायत ते बघून. उरलेले दोघं अजून हद्दीवर गर्जना करतायत का? झुडपांवर मूत्र फवारून खुणा करतायत का? की मधल्या भागात सरकलेत आणि गप्प झालेत? सिंह गप्प होणं ही मोठी बातमी असते. ज्या नरांना टेरिटरी नसते ते सहसा गर्जना करतच नाहीत, दुसऱ्याच्या मुलखातून चोरपावलांनी जातात. टेरिटरीवाले गप्प झाले तर समजायचं की काहीतरी बिनसलंय.

आणि एक, माझं आपलं मत आहे. नरांचा माग ठेवायचा असेल तर सिंहिणींचा माग ठेवा. नर येतात जातात, प्राइड नरांच्या हातात सरासरी दोन-तीन वर्षं राहतं म्हणतात, पण सिंहिणी त्याच नदीकाठी, आई तिथे, मुलगी तिथे, नात तिथे. साबी सँडमधली त्सालाला प्राइडच बघा, मापोगो बघितले तिने, मजिंगिलाने बघितले. कुठल्या प्राइडमध्ये कुठल्या महिन्यात पिल्लं झाली, किती जगली, हे लिहीत गेलात की त्या काळात कोणत्या कोलिशनचं कसं चाललं होतं ते आपोआप समजतं. नुसते नरांचे व्हिडिओ बघितले तर मारामाऱ्याच तेवढ्या कळतात.

---

गवतपाती

रानभूलदादा, माळढोक, दोघांचेही मनापासून आभार. गप्प होण्याचं वाचून धस्स झालं पण परवा रात्रीच दोघांच्या गर्जना ऐकल्यात त्यामुळे जरा बरं वाटतंय.

पिल्लांबद्दल कुणी सांगेल का?

---

चैत्रपालवी

मी सांगते ताई. गोड करून सांगत नाही, तुम्हाला खरं हवंय असं धरून लिहिते.

नवीन नरांनी प्राइड घेतलं तर लहान पिल्लं बहुतेक जगत नाहीत. टांझानियातल्या सेरेंगेटीत १९६६ पासून सिंहांचा अभ्यास चाललाय, तिथे पहिल्या वर्षात मरणाऱ्या पिल्लांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त पिल्लं बाहेरच्या नरांमुळे मेलेली आढळली. कारण असं की पिल्लं मोठी होईपर्यंत सिंहीण पुन्हा माजावर येत नाही, पिल्लं जगली तर दोन बाळंतपणांत साधारण दोन वर्षं जातात, आणि नराच्या हातात मुळात तेवढीच वर्षं असतात. पिल्लं गेली की ती थोड्याच दिवसांत माजावर येते. म्हणजे नवीन नराने वाट बघितली तर त्याची स्वतःची पिल्लं कधी होणारच नाहीत, किंवा होतील तेव्हा त्यांना सांभाळायला तो उरलेला नसेल.

पण सिंहिणी हातावर हात ठेवून बसत नाहीत हे मला ठासून सांगायचंय, कारण व्हिडिओंमध्ये ते फार कमी येतं. पहिले सहा आठवडे आई पिल्लांना प्राइडपासून लांब, खडकात नाहीतर दाट झाडीत लपवते आणि जागा बदलत राहते. नंतर सगळ्या आया आपापली पिल्लं एकत्र आणून मिळून सांभाळतात, आणि मिळून असल्या की बाहेरचा एकटादुकटा नर हुसकावूनही लावतात. गर्जना रेकॉर्ड करून वाजवून दाखवण्याचे प्रयोग झालेत, त्यात दिसलं की सिंहिणी समोरचे किती जण आहेत याचा अंदाज घेऊन मग पुढे जायचं की नाही ते ठरवतात. नवीन नर आले की कित्येकदा आई पिल्लांना घेऊन प्राइड सोडून निघून जाते. पिल्लं वर्षाच्या पुढची असतील तर पळून वाचण्याची शक्यता बरीच वाढते. आणि नवीन नर येऊन प्राइड घेतल्यावर सिंहिणी माजावर येतात, समागमही होतो, पण पहिले काही महिने गर्भ राहत नाही. हे का, यावर अंदाज असा की नर टिकणारे आहेत की चार दिवसांचे पाहुणे आहेत हे तोवर ठरून जातं. नाहीतर परत तेच, १०८-११० दिवस पोटात वाढवायचं आणि कुणीतरी येऊन मारायचं.

रिझर्ववाले मधे पडत नाहीत. माणसामुळे झालेलं असेल, म्हणजे तारेचा फास वगैरे, तर बेशुद्ध करून सोडवतात, उपचार करतात. पण सिंहाने सिंहाला मारलं त्यात हात घालत नाहीत आणि मला ते पटतं, कारण ज्यांना वाचवायचं ते आजचे तीन नरही कधीतरी असेच आले होते आणि आधीच्या कुणाचीतरी पिल्लं मारून बसले होते. तरी बघवत नाही हेही खरं. मी असे व्हिडिओ बंद करते. बंद करण्यात काही कमीपणा नाही.

---

काळवीट

चैत्रपालवी +१.

मला एका गोष्टीवर जरा वेगळं म्हणायचंय. रानभूल म्हणाले आकडा मोठा, बरोबर आहे, पण मोठ्या कोलिशनमध्ये सगळ्यांना सारखं मिळतं असं नाही. सेरेंगेटीत डीएनए तपासून बघितलं तेव्हा जोडी असेल तर पिल्लांची विभागणी बऱ्यापैकी सारखी, पण तीन-चार किंवा जास्त नर असतील तर बहुतेक पिल्लं दोघांचीच निघाली. म्हणजे बाकीचे हद्द राखतात, जखमा झेलतात आणि स्वतःचं पिल्लू एकही नाही. म्हणूनच मोठ्या कोलिशनमधले नर हे नात्यातलेच असतात, भावाची पिल्लं म्हणजे थोडीफार आपलीच. बिननात्याचे नर एकत्र येतात ते दोन-तीनच्या गटात.

तरीसुद्धा, आणि मला हे सगळ्यात भारी वाटतं, परक्या नराची गर्जना स्पीकरवर वाजवली तेव्हा नर पुढे गेले, सोबतचा नात्यातला असो नसो, सोबती मागे राहिला तरी. तिथे हिशोब करत बसत नाहीत. गवतपाती, तुमच्या तिघांतला जो कधी सिंहिणीबरोबर दिसत नाही, नेहमी कडेकडेने फिरतो, त्याच्याकडे जरा जास्त लक्ष द्या. लोक चॅनेलवर गडद आयाळवाल्याच्या प्रेमात असतात आणि टेरिटरी तो दुसराच धरून असतो.

गडद आयाळीचं पण बघा, तेही खोटं नाही. सेरेंगेटीतच खोट्या आयाळी लावलेले सिंहाचे पुतळे उभे करून बघितले होते, २००२ मध्ये छापून आलं. सिंहिणी गडद आयाळीकडे गेल्या आणि नरांनी लांब आयाळीचा पुतळा टाळला. गडद आयाळ म्हणजे धट्टाकट्टा, चांगलं खाऊन पिऊन असलेला नर. उन्हात त्याचा त्रासही त्यालाच जास्त होतो.

आपल्या गीरमध्ये हे चित्र थोडं वेगळं आहे, तिथे नर सिंहिणींच्या कळपात फारसे राहतच नाहीत, समागमापुरते नाहीतर मोठ्या शिकारीवर एकत्र येतात, भक्ष्य चितळासारखं लहान आहे म्हणूनही असेल. पण जोडीचं महत्त्व तेवढंच. जय-वीरू ही तिथली गाजलेली जोडी, वेगवेगळे असताना दुसऱ्या नरांनी गाठलं आणि २०२५ च्या जून-जुलैमध्ये दोघंही जखमांनी गेले.

---

दुर्बीण

जाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितोय.

दोन रस्ते आहेत. क्रूगरमध्ये स्वतःची गाडी घेऊन फिरता येतं, खर्च त्या मानाने कमी, पण रस्ता सोडायचा नाही, ठरलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही, डांबरीवर ताशी ५० आणि कच्च्यावर ४०, आणि गेट बंद व्हायच्या आत कॅम्पवर. म्हणजे सिंह रस्त्यापासून शंभर मीटर आत शिरला की संपलं. साबी सँडमध्ये स्वतःची गाडी चालत नाही, लॉजची उघडी गाडी, एक रेंजर आणि पुढे बॉनेटवरच्या खुर्चीत ट्रॅकर. तिथे सिंहामागे झाडीत गाडी घालतात, अंधार पडल्यावर स्पॉटलाइट लावून बघता येतं, आणि एका वेळी एका ठिकाणी दोन-तीनच गाड्या, बाकीच्यांनी रेडिओवर नंबर लावून थांबायचं. महाग आहे, खूप महाग आहे. पण कोलिशनचा पाठलागच करायचा असेल तर तेच, कारण नर चालतात रात्री आणि रात्री तुम्ही क्रूगरमध्ये कॅम्पच्या कुंपणाच्या आत असता. क्रूगरच्या कॅम्पवरून रात्रीची गाडी मिळते पण तीही रस्त्यावरूनच.

मे ते सप्टेंबर जावं. कोरडा मोसम, गवत खाली बसलेलं, पाणी सँड नदीत आणि थोड्या पाणवठ्यांवर उरलेलं, म्हशी तिथे येतात आणि नर म्हशींच्या मागे येतात. पहाटे उघड्या गाडीत थंडीने हात आखडतात, लोकरीची टोपी हवीच. मलेरियाचा भाग आहे, डॉक्टरला विचारून गोळ्या.

माग काढणं बघण्यासाठी तरी एकदा जाच. सिंह वाळूच्या रस्त्यावरून, कोरड्या ओढ्यातून चालतात कारण पायाला बरं पडतं. ट्रॅकर हात वर करतो, गाडी थांबते, खाली उतरून ठसा बघतो. ठशावरून रात्रीच्या किड्यांची रेघ गेली असेल तर जुना, रेघेवर ठसा पडलेला असेल तर ताजा. नराचा पुढचा पंजा रुंद असतो, तीन नर एकामागे एक गेले असतील तर एकमेकांचे ठसे तुडवलेले असतात आणि ते सोडवून सांगतात की तिघं होते, मधे इथे बसले, इथून एक वेगळा झाला. मग थोडं ऐकायचं, कुडू (तिथलं मोठं हरीण) भुंकला का, माकडं ओरडतायत का. शांत पहाटे गर्जना आठ किलोमीटरवरूनसुद्धा येते, त्यामुळे दिशा कळली तरी अंतराचा भरवसा नसतो. कधी कधी दोन-दोन तास माग काढून शेवटी ठसे दुसऱ्या लॉजच्या जमिनीत जातात आणि गाडी वळवावी लागते. मला ते वाईट नाही वाटत. तेवढ्या वेळात त्या नरांनी रात्रभर काय केलं ते सगळं वाचून झालेलं असतं.

---

गवतपाती

काय लिहू, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काळवीट, तुम्ही म्हणालात तो कडेकडेने फिरणारा, तोच दिसत नाहीये हो. आज बसून जुने स्क्रीनशॉट काढले, त्याचा डावा गाल नीट मिळाला, वर तीन सुटे ठिपके आणि कानाला एक खोल खाच. उजवा गाल मिळत नाहीये.

---

माळढोक

डावा मिळाला ना, मग तेवढ्यावरही काम होतं. उजव्यासाठी पाणी पितानाचे व्हिडिओ शोधा, पाणवठ्यावर सिंह बराच वेळ मान खाली घालून एकाच जागी असतो आणि कॅमेरा गोल फिरतो. आणि शेजारच्या लॉजवाल्यांचे ब्लॉग चाळा, लोंडोलोझीचे रेंजर वर्षानुवर्षं लिहितायत, मालामालाकडचेही फोटो मिळतात. तुमच्या चॅनेलला न दिसलेला नर दक्षिणेकडच्या कुणाच्यातरी फोटोत मागे झोपलेला सापडतो, त्यांना त्याचं नाव माहीत नसतं म्हणून ते नुसतं 'एक नर' लिहितात. फोटोची तारीख तेवढी बघा, पोस्टची नको, लोक जुने फोटो महिन्यांनी टाकतात. डावा गाल इथे टाका, मीही बघतो.